घाणा, हल आणि रॉकेलचा डबा

शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेत 'बमे मदलिकिन' हा मिशनाचा अध्याय म्हणण्याची चाल अनेक सिनेगॉगांत आहे. येथे ब्रिटनमधल्या प्रार्थनापुस्तकांतही तो छापलेला असतो. शब्बाथचा दिवा कशाने लावावा आणि कशाने लावू नये, एवढाच त्याचा विषय. लहानपणी तो मला फार रुक्ष वाटे. दिव्याच्या तेलावर एवढ्या मोठ्या विद्वानांनी इतका खल का करावा, हे कळत नसे. आता म्हातारपणी मात्र त्याच अध्यायात मला आपल्या समाजाच्या इतिहासाची किल्ली सापडल्यासारखे वाटते. कसे, ते सांगते.

रब्बी टारफोन यांचे मत असे की, जैतुनाच्या तेलाखेरीज दुसरे तेल चालायचे नाही. इतरांनी ते मान्य केले नाही. त्यांनी तिळाचे तेल, अक्रोडासारख्या फळांचे तेल, मुळ्याच्या बियांचे तेल, माशांचे तेल आणि शेवटी नेफ्ट, म्हणजे जमिनीतून निघणारे तेल, यांनाही परवानगी दिली. तालमूदमध्ये या वादाचा आणखी एक प्रसंग आहे. रब्बी योहानान बेन नुरी उभे राहिले आणि त्यांनी विचारले की, बाबेलच्या लोकांजवळ तिळाचेच तेल आहे, मेदी लोकांजवळ अक्रोडाचे, अलेक्झांड्रियात मुळ्याचे आणि कप्पदुकियात तर नुसते नेफ्ट, मग या लोकांनी करायचे काय? म्हणजे ज्या मुलुखात जे मिळते, त्यानेच तिथल्या यहुद्याने शब्बाथचा दिवा लावावा.

त्या यादीत कोकणचे नाव नाही. पण प्रश्न कोकणालाही तितकाच लागू होता. आपल्या वाडवडिलांनी त्याचे उत्तर नुसते शोधले नाही, तर त्याचाच धंदा केला.

आपल्या लोकांच्या तेलाच्या धंद्याचा एक जुना लेखी पुरावा 1768 सालचा आहे. कोचीनचे प्रसिद्ध व्यापारी यहेझकेल रहाबी यांनी टोबियास बोआस यांना पत्र लिहिले, त्यात कोकणातल्या इस्राएल लोकांचा उल्लेख आहे. हे लोक तेल काढतात, काही जण शिपाईगिरी करतात, शब्बाथ पाळतात आणि शेमा म्हणतात, अशी माहिती त्यांनी दिली. पुढे 1883 साली निघालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटिअरातही आपल्या तेलाच्या धंद्याची नोंद आहे. गावातले लोक आपल्याला 'शनवार तेली' म्हणत, कारण आपला घाणा शनिवारी बंद असे. हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते 'सोमवार तेली'. दहा आज्ञांपैकी चौथ्या आज्ञेत गुराढोरांनाही विसावा द्यायला सांगितले आहे. तेव्हा आपल्या घाण्याचा बैलही शब्बाथ पाळीत असे.

घाणा प्रत्यक्ष चालताना पाहिलेले लोक आता थोडेच उरले असतील, म्हणून त्याची रचना थोडक्यात सांगते. लाकडाचे किंवा दगडाचे मोठे उखळ जमिनीत पुरलेले असते. त्यात एक जाड लाकडी लाट उभी असते. डोळ्यांना झापड बांधलेला बैल गोल फिरू लागला की लाट उखळाच्या आतल्या बाजूला घासत फिरते, बी चिरडते आणि तेल सुटते. तिळाच्या घाणीत मधून मधून थोडे पाणी शिंपडावे लागते, मग पेंड एका बाजूला गोळा होते आणि तेल मोकळे होते. किती पाणी आणि केव्हा, हे हातालाच कळायचे. वजनाच्या हिशेबाने तिळात जवळजवळ निम्मे तेल असते आणि सुक्या खोबऱ्यात त्याहूनही जास्त. पण घाण्यातून ते सगळे निघत नाही. पेंडीत दहाव्या हिश्श्याइतके तरी राहते, म्हणूनच गुरे ती आवडीने खातात.

वनस्पती हे तेल आपल्यासाठी करीत नाही. बी रुजते तेव्हा मुळे धरेपर्यंत तिला जी शिदोरी लागते, ती तेलाच्या रूपाने तिच्यात साठवलेली असते. हे तेल रसायन म्हणून काय आहे, हे फ्रान्सच्या शेवरल या शास्त्रज्ञाने 1823 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांच्या संयोगाने तेल बनते. ग्लिसरीन सगळ्या तेलांत एकच, मेदाम्ले मात्र निरनिराळी. त्यांच्यामुळेच एकेका तेलाचा स्वभाव ठरतो. खोबरेल थंडीत गोठते आणि त्याच्या साबणाला फेस भरपूर येतो. जवसाचे तेल हवेत वाळते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. भुईमुगाचे तेल खाण्याला आणि तळण्याला चांगले. तेलांचे हे स्वभाव ध्यानात ठेवावेत, कारण पुढची सगळी हकिगत त्यांच्यावरच उभी आहे.

ही हकिगत शोधण्याचे निमित्त मला इंग्लंडमध्ये मिळाले. मी काही वर्षे हल शहरात शिक्षिका होते. ते पूर्व किनाऱ्यावरचे बंदर आहे आणि शहरातून हल नावाचीच नदी वाहते. वारा नदीकडून आला की स्टोनफेरी भागातल्या गिरण्यांचा वास येई, भरडलेल्या आणि शेकलेल्या गळिताच्या बियांचा वास. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी रस्त्यातच थांबले. अलिबागजवळच्या आमच्या गावी पणजोबांचा घाणा होता. माझ्या जन्माआधीच तो बंद पडला होता, पण मागच्या पडवीत ठेवलेल्या जुन्या लाटेला हाच वास येत असे.

हल हे एके काळी ब्रिटनमधल्या तेलाच्या गिरण्यांचे मुख्य केंद्र होते. तिथे घाणे नव्हते. जोसेफ ब्रामा याने 1795 साली लंडनमध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. त्याच तत्त्वावर पुढे तेलाची यंत्रे झाली. आधी दगडी चाकांखाली बी भरडायचे, मग वाफेने शेकायचे, मग कापडात गुंडाळून यंत्राखाली दाबायचे. 1777 साली स्थापन झालेला 'रोज, डाऊन्स अँड थॉम्पसन' हा हलचाच कारखाना. त्याने तेलाच्या गिरण्यांची यंत्रे जगभर पाठविली. 1899 साली अनेक गिरण्या एकत्र येऊन 'ब्रिटिश ऑइल अँड केक मिल्स' ही मोठी कंपनी झाली. तिच्या नावात तेलाबरोबर पेंडही आहे, ही गोष्ट विसरू नये.

या गिरण्यांना लागणारे बी येई कुठून? रशियातून येई, पुढे अर्जेंटिनातून येऊ लागले, आणि फार मोठ्या प्रमाणावर आपल्या मुंबईहून येई. 1867 साली आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली आणि 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला. त्यानंतर वऱ्हाड-नागपूरकडचे जवस, तीळ वगैरे गळित धान्य मुंबई बंदरातून विलायतेला जाणे फार सोपे झाले. इथल्या बाजारात 'बॉम्बे लिन्सीड' या नावाने जवसाचा भाव निघत असे. त्या जवसाचे तेल रंगांत जाई. फ्रेडरिक वॉल्टन याने त्याच्या वाळण्याच्या गुणाचा उपयोग करून लिनोलियम हे जमिनीवर अंथरायचे आच्छादन शोधले आणि 1860 च्या दशकात लंडनजवळ स्टेन्स येथे त्याचा कारखाना काढला. पुढे स्कॉटलंडमधले कर्कॉल्डी हे गाव लिनोलियमसाठी नावाजले. इथल्या घरांच्या स्वयंपाकघरांत पाय पुसून आपण ज्या चकचकीत फरशीवर चालत असू, तिच्यात विदर्भातले जवस असण्याचा पुष्कळ संभव होता.

तेल काढून उरलेली पेंड इथल्या गुरांना घातली जाई. दादाभाईंच्या पिढीपासून आपल्याकडचे जाणते लोक म्हणत आले की, कच्चा माल परदेशी जातो आणि पक्का माल परत येतो. तेलबियांच्या बाबतीत नुकसान दुहेरी होते. बी गेले की तेल्याची मजुरी गेली, आणि पेंड गेली म्हणजे आपल्या गुरांचे खाद्य आणि शेताचे खतही गेले.

पण घाण्यावर याहून मोठा घाव दिव्याच्या बाजूने पडला. कोकणात स्वयंपाकाला तेल लागे ते बेताचेच, कारण ताटात नारळाचे दूध अधिक. तेल्याचे पुष्कळसे गिऱ्हाईक दिव्याचे. समईत, पणतीत, देवळात, दुकानात, सगळीकडे तेल जळे. खोबरेल महाग पडे, म्हणून गरिबाच्या घरी उंडीचे किंवा करंजाचे तेल असे. या सगळ्या तेलांत एक अडचण आहे. ती दाट असतात, त्यामुळे वातीतून फार वर चढत नाहीत. म्हणून पणतीत ज्योत तेलाला लागूनच असावी लागते आणि उजेड मंद पडतो. जमिनीतून निघणारे तेल पातळ. ते लांब वातीतून भराभर चढते, आणि वर काचेची चिमणी ठेवली की एकाच दिव्यात खोली उजळते.

हे नवे तेल प्रथम ब्रिटनमध्येच धंद्याला लागले, असे म्हटले तरी चालेल. जेम्स यंग या स्कॉटिश रसायनज्ञाने 1850 साली दगडी कोळशापासून दिव्याचे तेल काढण्याचे पेटंट घेतले. म्हणूनच इंग्लंडमध्ये आजही त्याला 'पॅराफिन' म्हणतात. 1859 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात विहीर खोदून खनिज तेल काढले गेले. आपल्याकडे ते आले तेव्हा 'रॉक ऑइल'चे झाले 'रॉकेल' आणि 'गॅसलाइट'चे झाले 'घासलेट'. आपल्या भाषेने परका माल किती चटकन घरात घेतला पाहा!

या रॉकेलच्या इतिहासात एक नाव आहे, ते वाचून मी चकित झाले. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 1853 साली जन्मलेले मार्कस सॅम्युएल हे आपल्यासारखेच यहुदी. त्यांचे वडील पूर्वेकडून आणलेले शंखशिंपले आणि ते लावलेल्या पेट्या विकत. मुलाने तेलाचा व्यापार हाती घेतला. तोपर्यंत रॉकेल डब्यांत भरून आणि लाकडी खोक्यांत घालून जहाजावर चढवीत. सॅम्युएल यांनी जहाजाच्या पोटातच तेल भरून नेणारी खास जहाजे बांधून घेतली. त्यांतले पहिले 'म्युरेक्स', हेही एका शंखाचेच नाव. 1892 साली ते काळ्या समुद्रावरच्या बाटुमी बंदरात रशियन रॉकेल भरून निघाले आणि सुएझच्या कालव्यातून पूर्वेकडे गेले. त्या कालव्यातून गेलेले ते पहिले तेलवाहू जहाज. भाडे कमी झाले, म्हणून आशियातल्या बाजारांत रॉकेल स्वस्त झाले. सॅम्युएल यांच्या लोकांना लवकरच एक गोष्ट कळली. गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबा हवा असतो! मग डबे करून त्यांत तेल भरून विकण्याची सोय त्यांनी पूर्वेतच केली. आपल्यापैकी कोणाच्या घरी रॉकेलच्या डब्याने विहिरीचे पाणी भरले नसेल? सॅम्युएल पुढे 1902 साली लंडनचे लॉर्ड मेयर झाले आणि त्यांची 'शेल' कंपनी जगभर पसरली. ग्लासगोमध्ये 1886 साली स्थापन झालेली 'बर्मा ऑइल' ही दुसरी मोठी कंपनी ब्रह्मदेशातले रॉकेल हिंदुस्थानात विकत होती. 1928 साली दोन्हींचा हिंदुस्थानातला धंदा एकत्र झाला. तीच आपल्या सगळ्यांच्या माहितीची बर्माशेल.

व्हाइटचॅपलच्या एका यहुद्याने कोकणातल्या यहुद्यांचा दिवा विझवला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते न्यायाचे नाही. सॅम्युएल नसते तर दुसऱ्या कोणी तेच केले असते. आणि गरिबाच्या घरात चांगला उजेड आला, मुले रात्री अभ्यास करू लागली, हेही खरेच आहे. माझे वडील कंदिलाच्या उजेडातच शिकले.

दिव्यानंतर साबणाची पाळी. विल्यम लिव्हर यांनी 1884 साली 'सनलाइट' हे नाव नोंदवले आणि 1888 साली लिव्हरपूलजवळ पोर्ट सनलाइट हे कारखान्याचे गाव वसवायला घेतले. त्याच वर्षी सनलाइटची खोकी कलकत्त्याच्या बंदरात उतरली. हा साबण वनस्पतींच्या तेलांचे प्रमाण जास्त ठेवून केलेला होता, आणि त्याला फेस येई तो खोबरेलासारख्या तेलांमुळेच. म्हणजे आपल्याच किनाऱ्यासारख्या किनाऱ्यांवरचे खोबरे विलायतेला जाऊन वडी होऊन परत येऊ लागले.

शेवटी स्वयंपाकघर. तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की ते तुपासारखे घट्ट होते, हा शोध जर्मनीत नॉर्मान याने लावला. त्याचे पेटंट 1902 सालचे. लिव्हरच्या कंपनीने हिंदुस्थानात वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि 1937 साली 'डालडा' बाजारात आला. आपल्या घरांत त्याचे स्वागत झाले, त्याला एक खास कारण होते. मटणाबरोबर दूध-तूप चालत नाही. डालडा दिसायला तूप, पण जातीने तेल. माझी आई सणाला डालड्यातच बिर्याणी करी आणि वर म्हणे, "हे तर आपल्याच घाण्यातलं. फक्त साहेबाच्या घरी जाऊन कपडे बदलून आलंय." पुढे डॉक्टरांनी अशा घट्ट केलेल्या तेलाचे हृदयावर होणारे वाईट परिणाम सांगितले, तो भाग निराळा.

आता मूळ मुद्द्यावर येते. आपल्या समाजाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक असे सांगतो की, इंग्रजी राज्य आले, आपले लोक पलटणीत भरती झाले, शिकले, कारकून, शिक्षक आणि डॉक्टर झाले, आणि घाणा मागे राहिला. यात खोटे काही नाही. समाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईला 1796 साली सिनेगॉग बांधले, ते म्हैसूरच्या लढाईत गेलेले कंपनी सरकारच्या पलटणीतले अधिकारी होते. तेव्हा रॉकेल कोणाच्या स्वप्नातही नव्हते. म्हणजे पहिली फळी घाणा सोडून गेली ती आपल्या हिमतीने. पण सगळेच गेले नव्हते. नव्वद वर्षांनंतरच्या गॅझेटिअरातही शनवार तेली आहेत. त्यांनी घाणा सोडला नाही, घाण्याचे काम त्यांना सोडून गेले. आधी बी गेले, मग दिवा गेला, मग न्हाणीघर, मग तुपाची बरणी. ही दुसरी बाजू आपण सांगत नाही, आणि त्यामुळे मागे राहिलेल्यांवर नकळत अन्याय होतो. जे शिकले ते हुशार आणि जे घाण्यावर राहिले ते मागासलेले, असा अर्थ त्यातून निघतो.

आमच्याच घरातले उदाहरण देते. माझ्या वडिलांनी 'तेली' हा शब्द घरात कधी उच्चारू दिला नाही. शाळेत कोणी चिडवले तर गप्प बसायचे, उत्तर द्यायचे नाही, अशी ताकीद होती. माझा मामा बर्माशेलमध्ये कारकून होता, त्याचे मात्र सर्वांना कोण कौतुक! एकदा आजीने त्याला विचारले, "अरे, तूही तेलच विकतोस ना? मग माझा सासरा विकत होता त्यात लाजण्यासारखं काय होतं?" मामा हसला. वडील उठून बाहेर गेले. मला त्या वेळी काही समजले नाही. हलमध्ये तो वास आला तेव्हा समजले. वडिलांना लाज वाटत होती ती धंद्याची नव्हे. घाणा बंद पडला तेव्हा आपल्या आजोबांची काय दैना झाली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि ते त्यांना आठवायचे नव्हते. दुःखाला त्यांनी लाजेचे नाव दिले होते.

आज उलटा प्रकार झाला आहे. मे महिन्यात इंग्लंडची शेते मोहरीच्या जातीच्या रेपसीडने पिवळीधमक होतात. त्या बियांचे 'थंड दाबाचे' तेल छोट्या बाटल्यांत महाग विकले जाते. मुंबई-पुण्यातही 'लाकडी घाण्याचे तेल' अशा पाट्या दिसतात, आणि साध्या तेलापेक्षा त्याला जास्त पैसे मोजावे लागतात. जे आपल्या पणजोबांच्या हातून गेले, ते आता आरोग्याचे म्हणून शोधत फिरतात.

शुक्रवारी मी अजून काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यावर खोबरेल ओतते आणि वात लावते, जशी आई लावीत असे. हिवाळ्यात बाटली गोठते, म्हणून दुपारीच रेडिएटरजवळ ठेवावी लागते. रब्बी टारफोन यांना ते तेल चालले नसते. रब्बी योहानान बेन नुरी यांना चालले असते.

वाचकांना एक विनंती आहे. घाण्याच्या भागांची नावे, तेलाची मापे, कोणते तेल कोणत्या कामाला, घाणीत पाणी केव्हा घालायचे, आणि शुक्रवारी सूर्यास्ताआधी घाणा कसा थांबवीत, यांतले जे काही आपल्याला आई-वडिलांकडून किंवा आजी-आजोबांकडून ऐकलेले आठवत असेल, ते कागदावर लिहून ठेवा, किंवा नातवंडांना सांगून लिहून घ्या. मराठीत लिहा, हिब्रूत लिहा, जसे जमेल तसे. पण 'शनवार तेली' हा शब्द त्यातून गाळू नका.